समुद्राचा एक तुकडा राखून ठेवला, तर बाहेरच्या जाळ्यात काय येईल?

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ससून डॉक, भाऊचा धक्का, वर्सोवा, मढ, सातपाटी, सगळीकडे बोटी शाकारून ठेवलेल्या आणि जाळी दुरुस्तीला काढलेली. त्यामुळे समुद्रात राखीव क्षेत्र करायचा विषय निघाला की कोळीवाड्यातून पहिला प्रश्न येतो तो असा: वर्षातले दोन महिने आम्ही सगळाच समुद्र मोकळा सोडतो, मग आणखी एक तुकडा बाराही महिने बंद कशासाठी?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या विषयाची किल्लीही त्यातच आहे. पावसाळी बंदीमुळे माशाला अंडी घालायला आणि पिल्लांना थोडं वाढायला वेळ मिळतो. वादळी दिवसांत माणसांचे जीवही वाचतात. पण १ ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम बाहेर पडतात, आणि दोन महिन्यांत जे वाढलं त्यातलं बरंचसं पुढच्या काही आठवड्यांत जाळ्यात येतं. म्हणजे माशाला दोन महिने मिळतात, वर्षं मिळत नाहीत. म्हातारं होऊ शकणारा मासा म्हातारा होतच नाही. राखीव क्षेत्रात, म्हणजे जिथून काहीही काढायचं नाही असं ठरवलेल्या समुद्रात, त्याला ही वर्षं मिळतात.

माशाचं वय एवढं महत्त्वाचं का? कारण माशांची वाढ आणि त्यांची अंडी यांचं गणित आपल्या अंदाजापेक्षा फार वेगळं आहे. मासा दुप्पट वजनाचा झाला की अंडीही दुप्पट होतील, असं आपण धरून चालतो. २०१८ साली ३४२ जातींच्या माशांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा बहुतेक जातींमध्ये अंडी वजनापेक्षा जास्त वेगाने वाढतात असं दिसलं. त्यातलं अटलांटिक कॉडचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. ३० किलोची एकच मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या २८ माद्यांचं एकूण वजन ५६ किलो, तरी त्या मागे पडतात. बाजारात आपण मोठ्या माशाला जास्त भाव देतो आणि छोट्याला कमी. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातून आधी उचलल्या गेल्या त्या नेमक्या या मोठ्या माद्या. जुनी झाडं राखणाऱ्या देवराईतून आजूबाजूच्या रानात बी पडत राहतं, तसं समुद्रात हे बी या म्हाताऱ्या माद्यांकडून येतं.

आता मच्छीमाराच्या दृष्टीने खरा प्रश्न. आतले मासे वाढले तर वाढले, त्याच्या जाळ्यात काय येणार? राखीव क्षेत्रातून बाहेर फायदा पोहोचायचे मार्ग दोनच. एक म्हणजे आत गर्दी झाली की मोठे मासे हद्द ओलांडून बाहेर येतात. खडकात राहणाऱ्या माशांच्या बाबतीत हा परिणाम हद्दीपासून फार लांब जात नाही, बहुतेकदा काही शे मीटर, फार तर एखाद-दोन किलोमीटर. दुसरा मार्ग अंड्यांचा आणि डिंभकांचा. अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले हे जीव पाण्यात तरंगत प्रवाहाबरोबर कितीतरी किलोमीटर जातात आणि भलत्याच ठिकाणी स्थिरावतात.

दुसरा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बरीच वर्षं तो तर्कच होता. पुरावा न्यूझीलंडमधून आला. तिथे ली (Leigh) गावाजवळ १९७५ साली जेमतेम पाच चौरस किलोमीटरचा समुद्र राखीव झाला. स्नॅपर हा तिथला आवडता खाण्याचा मासा. शास्त्रज्ञांनी आतल्या मोठ्या स्नॅपरचे आणि बाहेरच्या परिसरातल्या पिल्लांचे जनुकीय नमुने घेतले आणि आई-बाप कोण ते जुळवून पाहिलं. २०१७ साली आलेला निष्कर्ष असा की सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या परिसरात नव्याने स्थिरावलेल्या पिल्लांपैकी जवळपास १० टक्के पिल्लं या चिमुकल्या तुकड्यातल्या माशांची होती, आणि ४० किलोमीटर अंतरापर्यंत हे प्रमाण कमी होताना दिसत नव्हतं. क्षेत्र सव्वा टक्क्याच्या आसपास, पिल्लं दहा टक्के. हा फरक कुठून आला? आतल्या म्हाताऱ्या माद्यांकडून.

लीमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि ती घडायला वेळ लागला. मोठे स्नॅपर आणि शेवंड (लॉबस्टर) नाहीसे झाले होते तेव्हा समुद्री साळिंदर, म्हणजे काट्यांचे गोळे दिसणारे प्राणी, बेसुमार वाढले होते. त्यांनी तळावरचं केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ खाऊन खडक उघडा बोडका केला होता. स्नॅपर आणि शेवंड परतले, त्यांनी साळिंदर खाल्ले, आणि शेवाळाचं जंगल पुन्हा उभं राहिलं. अशा अनेक राखीव क्षेत्रांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसतं की ज्या माशांची थेट मासेमारी होत होती त्यांच्यात बदल दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात. शेवाळासारखे आडून होणारे परिणाम दिसायला मात्र तेरा. दोन-तीन वर्षांत निकाल मागणाऱ्याने हा कालावधी आधी समजून घ्यायला हवा.

मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा फिलिपिन्समधला आहे, कारण तिथे प्रयोग दोन्ही बाजूंनी झाला. सुमिलोन नावाच्या छोट्या बेटाभोवती प्रवाळाचा पट्टा आहे. १९७४ साली त्याचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. बाकीच्या तीन हिश्शांत गावकरी मासे धरत राहिले. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, स्थानिक राजकारण बदललं, संरक्षण ढासळलं आणि बंद भागातही जाळी पडू लागली. मासेमारीला मिळालेली जागा वाढली, तर मासळीही वाढायला हवी होती. पुढच्या दोन वर्षांत बेटाची एकूण मासळी ५४ टक्क्यांनी घटली. चौथा हिस्सा बंद असताना तीन हिश्शांतून जेवढं मिळत होतं, त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी आता चारही हिश्शांतून मिळू लागलं. बंद भाग बाहेरच्यांना काय देत होता, हे तो उघडल्यावर कळलं.

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर १९९५ साली मासेमारीच्या जागेपैकी सुमारे ३५ टक्के भाग छोट्या छोट्या तुकड्यांत बंद केला. पाच वर्षांत उरलेल्या भागात मोठ्या पिंजऱ्यांत मिळणारी मासळी ४६ टक्क्यांनी आणि छोट्या पिंजऱ्यांत मिळणारी ९० टक्क्यांनी वाढली. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो इथे तर १९९९ ते २००९ या दहा वर्षांत माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे.

असे आकडे वाचले की सगळा समुद्रच राखीव करून टाकावा असं वाटू लागतं. इथेच थांबून दुसरी बाजू नीट पाहायला हवी, कारण ती न सांगता मच्छीमारांपुढे जाणं अन्याय आहे.

२०१४ साली ४० देशांतल्या ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. कोणती क्षेत्रं खरोखर उपयोगी ठरतात हे पाहताना पाच गुण पुढे आले: आतून काहीही न काढणं, पहारा चोख असणं, दहा वर्षांहून जुनं असणं, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं असणं, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने आजूबाजूपासून वेगळं झालेलं असणं. ज्यांच्याकडे यातले चार-पाच गुण होते तिथे मासे भरपूर होते. पण ५९ टक्के क्षेत्रांकडे फक्त एक किंवा दोनच गुण होते, आणि ती क्षेत्रं शेजारच्या नेहमीच्या मासेमारीच्या समुद्रापेक्षा वेगळी ओळखूच येत नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त राखीव क्षेत्रं नकाशावर होती, पाण्यात नव्हती. २०२२ च्या माँट्रियलमधल्या जैवविविधता करारात २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं जगाने ठरवलंय. टक्के मोजण्याच्या घाईत अशी कागदी क्षेत्रं आणखी वाढतील, ही मला वाटणारी खरी भीती आहे.

दुसरी अडचण बोटींची. एक भाग बंद केला म्हणून तिथल्या बोटी नाहीशा होत नाहीत, त्या शेजारी जातात. आतला ताण कमी होतो आणि बाहेरचा वाढतो. बोटींची संख्या, त्यांची ताकद आणि जाळ्यांचे आस, म्हणजे जाळ्याची भोकं केवढी असावीत, यावर काहीच बंधन नसेल, तर राखीव क्षेत्र हा ताण फक्त सरकवतं. आणि जिथे मासेमारी आधीच आटोक्यात आहे, मासा भरपूर आहे, तिथे जागा बंद केल्याने एकूण मासळी कमीही होऊ शकते. राखीव क्षेत्राचा फायदा मासेमारीला होतो तो मुख्यतः मासा आधीच ओरबाडला गेलेला असेल तेव्हा.

तिसरी अडचण मोजण्याची. राखीव क्षेत्र बहुतेकदा चांगल्या जागीच केलं जातं. मग दहा वर्षांनी आत जास्त मासे दिसले, तर ते बंदीमुळे की जागा मुळातच चांगली होती म्हणून? आतली आणि बाहेरची मोजणी, बंदीच्या आधीची आणि नंतरची, अशी चारही बाजूंनी तुलना असेल तरच उत्तरावर विश्वास ठेवता येतो.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न मासा कोणता याचा. अमेरिकेच्या ईशान्येला जॉर्जेस बँक नावाचा उथळ समुद्र आहे. १९९४ मध्ये तिथे सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा भाग कॉड, हॅडॉक यांसारख्या तळाशी राहणाऱ्या माशांसाठी बंद केला. चार वर्षांत आतल्या स्कॅलपचं, म्हणजे तळाशी पडून राहणाऱ्या एका शिंपल्याचं, एकूण वजन १४ पट झालं. हॅडॉकही पुढे सावरला. कॉड मात्र सावरला नाही. बंदी एकच आणि समुद्रही एकच, पण जात बदलली की निकाल बदलला. जो जीव जागचा फारसा हलत नाही, त्याला हद्दीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

हे लक्षात ठेवून मुंबईच्या समुद्राकडे पाहू. वर सांगितलेले बरेचसे दाखले स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळांचे आणि खडकांचे आहेत. आपला समुद्र उथळ, चिखलाच्या तळाचा, भरती-ओहोटीच्या जोरदार ओढीचा. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे इथलं रोजचं अन्न, आणि या जाती लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात, थोडंच जगतात. जवळ्याचं आयुष्य तर महिन्यांत मोजायचं. त्यांना म्हातारं होऊ देऊन फार काही हाती लागणार नाही. सुरमई आणि बांगडा लांबवर फिरतात, पाचपंचवीस चौरस किलोमीटरच्या चौकटीत ते कसे राहतील? मोसमी बंदी आणि पिल्लं न पकडण्याचे नियम या माशांना जास्त उपयोगी पडतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली आहे. पापलेट, जो त्याच वर्षी राज्यमासा झाला, त्याला वाचवायचं तर पहिलं पाऊल हेच, कारण त्याची बोटभर पिल्लं जाळ्यात येणं हे त्याचं मोठं दुखणं आहे.

पण सगळेच मासे असे नाहीत. घोळ घ्या. मीटरभराहून मोठी होते, बरीच वर्षं जगते, आणि तिच्या भोतापायी, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपायी, तिला सोन्याचा भाव येतो. घोळीचे थवे ठरावीक हंगामात एकत्र जमतात, आणि असा थवा एका जाळ्यात सापडला की त्या भागातल्या कितीतरी मोठ्या माद्या एका दिवसात संपतात. अशा जमण्याच्या जागा त्या काळापुरत्या तरी सोडून देणं, हा राखीव क्षेत्राचाच एक प्रकार आहे. हेकरू, खडकातला शेवंड, कालवं, तिसऱ्या हेही फारसे न हलणारे जीव.

मुंबईचंच एक उदाहरण मला फार बोचतं. वाळूच्या तळावर राहणारा चपटा शेवंड, ज्याला मासेमारीच्या अहवालांत सँड लॉबस्टर म्हणतात, पूर्वी मुंबईच्या ट्रॉलरांना, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणाऱ्या बोटींना, भरपूर मिळायचा. ट्रॉलरच्या जाळ्यात अंडी पोटाशी धरलेल्या माद्याही येत राहिल्या, आणि १९९४ च्या सुमारास ही मासेमारी जवळजवळ संपली. तळाला धरून राहणारा, माद्या ओळखता येतात असा हा जीव. जॉर्जेस बँकच्या स्कॅलपसारखा. ट्रॉलरला बंद असा एखादा पट्टा त्या काळी असता तर तो वाचण्याची शक्यता बरीच होती, असं मला वाटतं.

मग मुंबईत हद्द आखायची कुठे? उत्तर देण्याआधी ती कोणाच्या पोटावर येते ते पाहायला हवं. डोलीचं जाळं एका जागी बांधलेलं असतं. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, ओढीने ते फुगतं आणि प्रवाहाबरोबर आलेला मासा खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, जमतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत फारशी ओढ नसते, मासाही कमी. कोणत्या घराची डोल समुद्रात कुठे लागते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्या जागेवर राखीव क्षेत्र आलं, तर ट्रॉलर दुसरीकडे जाईल, पण डोलवाला जाणार कुठे? शेजारची जागा शेजाऱ्याची. त्याच्याबरोबर बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांचंही उत्पन्न जातं, आणि पहिली पाच वर्षं बदल्यात हाती काहीच येत नाही. डोलीतही लहान पापलेट सापडतं, हे खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पण समुद्र वाचवण्याचा सगळा भार ज्याची बोट सगळ्यात कमी पळते त्याच्यावर टाकायचा, हे मला मान्य नाही.

मालवणचा अनुभव आपल्या जवळचा आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातला गाभा तीन चौरस किलोमीटरपेक्षा थोडा मोठा. तिथल्या मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि वर्षानुवर्षं अभयारण्य आणि गाव एकमेकांसमोर उभे राहिले. मासे वाढवायला जी माणसं पहारेकरी म्हणून हवी होती, तीच विरोधात गेली. त्याच सिंधुदुर्गात पुढे ट्रॉलरच्या शेपटाला चौकोनी आसाची जाळी लावायचा प्रयोग मच्छीमारांना बरोबर घेऊन झाला. लहान मासा निसटून जातो, मोठा राहतो, जाळं ओढायला हलकं जातं. फायदा आपल्या बोटीवर दिसतो म्हणून तो पटवणं सोपं गेलं. फिलिपिन्समधल्या आपो बेटावरही १९८२ पासून राखलेला छोटासा पट्टा टिकला तो गावकऱ्यांनीच राखण केली म्हणून. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोनने टेहळणी सुरू केली आहे आणि तिचा उपयोग आहेच, पण समुद्रात आत्ता कोण कुठे जाळं टाकतंय हे सगळ्यात आधी शेजारच्या बोटीला कळतं.

त्यामुळे मुंबईपुरतं माझं मत असं आहे. एका मोठ्या बंद चौकटीने सुरुवात करू नये. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात, जिथे डोल आणि छोटी जाळी चालतात, तिथून ट्रॉलर आणि पर्ससीन (अख्ख्या थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी) खरोखर बाहेर ठेवावेत. नियम आहेत, अंमल हवा आहे. त्या पट्ट्याच्या आत खडकाळ भागात आणि खाड्यांच्या तोंडाशी, जिथे पिल्लं वाढतात, छोटे पूर्ण बंद तुकडे असावेत, आणि ते कुठे असावेत हे त्या त्या कोळीवाड्याने सांगावं, कारण पिल्लं कुठे दिसतात हे त्यांना ठाऊक आहे. मात्र अर्धवट बंदीचा फायदा पूर्ण बंदीपेक्षा कमी असतो, हे लपवू नये. आतला तुकडा बंद म्हणजे पूर्ण बंद, गळ टाकणाऱ्या हौशी माणसालाही.

खाड्यांबद्दल एक अडचण उरतेच. ठाण्याची खाडी, मालाड-मनोरीची खाडी, तिथली कांदळवनं या माशांच्या पाळणाघरासारख्या जागा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. पण पाण्यावर आखलेली हद्द सांडपाणी अडवत नाही, भराव थांबवत नाही, तेलाचा तवंग परतवत नाही. आतली मासेमारी थांबवली आणि नाल्यांचं पाणी तसंच येत राहिलं, तर मासे वाढणार नाहीत, आणि दोष मात्र राखीव क्षेत्राच्या कल्पनेवर येईल. मच्छीमाराला थांबायला सांगणाऱ्या शासनाने त्याच खाडीत येणारं सांडपाणी कधी शुद्ध होणार याची तारीख आधी द्यावी.

आणि मोजणी बंदीच्या आधीच सुरू व्हावी. वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र मुंबईत आहे, म्हणजे हे काम करणारी माणसं हाताशी आहेत. ज्या जागा बंद करायच्या त्या आणि त्यांच्यासारख्याच पण खुल्या राहणाऱ्या जागा, दोन्हीकडे दोन वर्षं आधीपासून मासे, त्यांची लांबी, अंडी धरलेल्या माद्या यांची नोंद व्हावी, बोटीवरच्या माणसांना बरोबर घेऊन. आकडे दर हंगामाच्या शेवटी मराठीत कोळीवाड्यात वाचून दाखवावेत. सहा-सात वर्षांनी आत आणि बाहेर फरक दिसला नाही, तर ती जागा उघडून दुसरी निवडायची मुभा करारात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असावी, आणि तोवर ज्यांच्या डोली उठल्या त्यांना भरपाई महिन्याच्या महिन्याला मिळावी.